आधी वसतिगृह, मग संस्था

आमच्या वऱ्हाडातल्या शाळांचा विषय निघाला की लोक इमारतीबद्दल बोलतात. किती वर्ग, किती मैदान, निकाल किती टक्के. पण गावाच्या कडेला असलेल्या साध्या मराठी हायस्कुलाचा इतिहास शोधायला गेलं तर तो वर्गखोलीत सापडत नाही. तो सापडतो मुलांच्या राहण्या-जेवण्याच्या सोयीत. हे माझं मत मास्तरकीच्या अनुभवातून झालंय, पण त्याला पुरावाही आहे. तो म्हणजे डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, पापळ या खेड्यातला. हे गाव आज नांदगाव खंडेश्वर तालुक्यात येतं. शिकण्यासाठी त्यांना आधी चांदूर रेल्वे, मग कारंजा लाड आणि पुढे अमरावतीचं हिंदू हायस्कूल अशी गावं बदलावी लागली. म्हणजे बघा, घरची शेती असलेल्या मुलालासुद्धा मॅट्रिकपर्यंत पोचायला इतकी वणवण! मग ज्याच्या बापाकडे दुसऱ्याची पऱ्हाटी वेचण्याशिवाय काही नव्हतं, त्या पोराचं काय?

पुढे ते विलायतेला गेले, बॅरिस्टर झाले, वेदवाङ्मयातील धर्म या विषयावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली आणि १९२६ मध्ये परत आले. इतका शिकलेला माणूस आधी कॉलेज काढेल असं कुणालाही वाटेल. त्यांनी अमरावतीत काढलं ते श्रद्धानंद छात्रालय. २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली होती, त्यांचं नाव या वसतिगृहाला दिलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एकाच पंगतीला जेवत. आज हे वाक्य सहज लिहून होतं. पण १९२७ सालीच याच अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह करावा लागला होता, आणि त्यात भाऊसाहेब होते. ज्या गावात देवीच्या दाराशी अडवतात, त्याच गावात पोरांना एका पंगतीला बसवणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

१९२८ मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करणं आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणं, हे दोन्ही विषय त्यांनी लावून धरले. श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली ती त्यानंतर, १९३० च्या दशकात. अमरावतीचं शिवाजी कॉलेज १९४६ चं, अकोल्याचं १९५४ चं. क्रम लक्षात घ्या. आधी पोराच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय, मग हायस्कुलं, मग कॉलेजं. १० एप्रिल १९६५ रोजी ते गेले. १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झालं, त्याला आज त्यांचंच नाव आहे.

आता आजचं बघू. शहराच्या कडेच्या मराठी शाळांचे वर्ग रिकामे होताहेत. दोष इंग्रजीला देऊन आपण मोकळे होतो. इंग्रजीचा ओढा आहेच, नाही कोण म्हणतो? पण माझ्या वर्गातून जी मुलं गळाली ती इंग्रजी शाळेत गेली नाहीत, ती कामावर गेली. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरीपट मी स्वतः भरलाय. आठवीतल्या मुलींच्या नावापुढे गैरहजेरीची ओळ लांबत जायची. लहान भावंडाला कोण सांभाळणार, फाट्यापासून शाळेपर्यंत संध्याकाळी कोण सोबत करणार, प्रश्न असे साधे असायचे. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळू लागला, त्यामुळे ज्या मुली आल्या त्या व्याकरण सोपं केल्यामुळे आल्या नव्हत्या!

२०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला. कागदावर तो सोयीचा दिसतो. मोठी शाळा, जास्त शिक्षक, प्रयोगशाळा... यात खोटं काही नाही. पण शाळा चार किलोमीटर लांब गेली की ते अंतर कुणी तोडायचं? पोराने. भाऊसाहेबांनी अगदी उलटा हिशोब मांडला होता. शाळा लांब असेल तर मुलाच्या राहण्याची जबाबदारी शिकवणाऱ्यांची.

असो. तुमच्यापैकी कुणी आपल्या जुन्या शाळेला देणगी द्यायचं मनात आणत असेल, तर फाटकावर नाव कोरायला देऊ नका. मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, "या वर्षी किती पोरं लांबून येतात, आणि ती दुपारी काय खातात?" उत्तर ऐका, आणि मग खिशात हात घाला.