जीप उंच केली, पण ब्रेकच्या नळीचं काय?

पावसाळा आला की आपल्याकडे उंच केलेल्या, मोठ्या टायरच्या जुन्या जीप बाहेर पडतात. ताम्हिणी, वरंध, माळशेज, कुठेही जा. मलाही या गाड्यांचा नाद आहे. पण अशी गाडी दिसली की मी आधी वाकून चाकामागची रबरी नळी बघतो. का बघतो, ते कळायला थोडा इतिहास सांगावा लागेल. पोस्ट लांब आहे, पण घाट उतरणाऱ्या प्रत्येकाशी संबंधित आहे.

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक सळ्या आणि तारांवर चालायचे. चारही चाकं सारखी धरायची म्हणजे सतत ताण जुळवत बसायचं. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला. विमानं बनवणाऱ्या लॉकहीड भावांपैकीच हा एक. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले, १९२४ मध्ये क्रायस्लरने ते आणखी लोकांपर्यंत नेले. फोर्ड कंपनी मात्र १९३९ च्या मॉडेलपर्यंत सळ्या-तारांवरच अडून राहिली. तेलाबद्दलची शंका अगदीच खुळी नव्हती. एका चाकाची सळी तुटली तर बाकीची चाकं धरतात. एकाच मार्गाने तेल जात असेल आणि नळी फुटली, तर पेडल थेट तळाला!

१९४० मध्ये अमेरिकन लष्कराने हलक्या चारचाकी-ड्राइव्ह गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारलं. बँटम या छोट्या कंपनीने सप्टेंबरमध्ये पहिला नमुना दिला. पुढे विलिस आणि फोर्डने युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. ब्रेक तेलाचे, पण मास्टर सिलिंडर एक आणि मार्गही एकच. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने विलिस जीपची जुळणी मुंबईत सुरू केली आणि हीच रचना आपल्याकडे आली. अमेरिकेने जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दोन वेगळे मार्ग सक्तीचे केले, म्हणजे एक फुटला तरी दुसरा धरेल. आपल्याकडच्या कित्येक जुन्या जीप आजही एकाच मार्गावर घाट उतरतात.

आता मुद्द्याचं. चॅसीवर ब्रेकची लोखंडी नळी असते. अ‍ॅक्सल वर-खाली हलतो, म्हणून त्या दोघांमध्ये रबरी होज असतो. त्याची लांबी मूळ पाट्यांच्या हिशोबाने ठरलेली. पाटे वाढवले, शॅकल लांब केले, गाडी चार इंच वर गेली. होज तोच. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. एक चाक खड्ड्यात लोंबकळलं की होज ताणला जातो आणि टोकाशी चिरतो.

मग घरगुती इलाज सुरू होतात. कुणी फ्रिजची तांब्याची नळी वापरतं. तांबं सततच्या हादऱ्याने कडक होतं आणि तडकतं. कुणी पेट्रोलची नळी क्लिप लावून बसवतं. ती ब्रेक ऑइलने फुगते. जोरात ब्रेक मारला की नळीत टायरमधल्या हवेच्या तीसपटीहून जास्त दाब येऊ शकतो, तिथे क्लिप काय टिकणार?

मिस्त्रींना शिव्या देण्यासाठी हे लिहीत नाही. लष्कराच्या लिलावातल्या जीप आणि कुर्ल्याच्या भंगारातले पार्ट जोडून त्यांनी गावोगावची वडाप चालू ठेवली. एसटी पोहोचत नव्हती तिथे हाच जुगाड पोहोचला. पण इंजिनचा जुगाड फसला तर गाडी थांबते, ब्रेकचा फसला तर गाडी थांबतच नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेला धक्का लावणारे बदल नाकारले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कडक आहे. पण खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. तोवर तिच्याखाली वाकून बघणार कोण? परिणाम असा की योग्य मापाचा होज बसवणारा आणि फ्रिजची नळी लावणारा, दोघंही एकाच रांगेत, आणि दोघंही काम लपवतात.

सीएनजी किटला मान्यता मिळते, आरसीवर नोंद होते. मग लिफ्ट केलेल्या गाडीच्या ब्रेकला तशी वाट का नको? गाड्या तपासणारी एआरएआय पुण्यातच आहे. मापं ठरवा, होज मान्य करा, चाक लोंबकळत ठेवून तपासणी करा, आरसीवर लिहा. मग उरलेल्यांना खुशाल दंड करा.

तोवर एवढं करा. गाडी जॅकवर घ्या, चाकं पूर्ण खाली लोंबू द्या, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. होज कुठेही ताणलेला किंवा घासलेला दिसला, तर कारखान्यात टोकं दाबून बनवलेला लांब होज घ्या. टायरवर हजारो रुपये घालताच ना? समोरून एसटीत बसून घाट चढणाऱ्यांनी तुमची जीप उंच करायला सांगितलेली नव्हती. तुमच्या ग्रुपमधल्या जीपवाल्यांपर्यंत हे पोहोचवा.