शय्याव्रण : शुश्रूषागृहातील देखरेख

वृद्ध व परावलंबी माणसांना दीर्घकाळ सांभाळणाऱ्या शुश्रूषागृहांत त्वचा रोज तपासून शय्याव्रण, म्हणजेच बेडसोअर, टाळण्याची आणि झालाच तर तो भरेपर्यंत मोजत राहण्याची पद्धत. एकाच स्थितीत पडून किंवा बसून राहिल्याने हाड आणि गादी यांच्यामधल्या ऊतींचा रक्तपुरवठा तुटतो. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे या नेहमीच्या जागा. लघवीने भिजलेली कातडी आणि चादरीवरून ओढत सरकवणे यांमुळे धोका वाढतो.

पहिली खूण लाल चट्ट्याची. बोटाने दाबून सोडल्यावरही तो फिका पडत नसेल, तर पहिली अवस्था सुरू झाली आहे. चौथ्या अवस्थेत जखम स्नायू किंवा हाडापर्यंत पोचते. सावळ्या त्वचेवर ही लाली सहज दिसत नाही, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबणे धोक्याचे. हात लावून पाहावे : जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा गार, टणक किंवा लिबलिबीत लागते का, तिथे दुखते का. हे प्रथम कळते ते अंघोळ घालणाऱ्या, डायपर बदलणाऱ्या मावशींना. त्यांचे सांगणे त्याच पाळीत परिचारिकेच्या नोंदीत आले नाही, तर बाकीची कागदपत्रे व्यर्थ होत.

धोका आधी ओळखण्यासाठी ब्रिटिश परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी 1962 मध्ये गुणांची मोजपट्टी मांडली. आज अमेरिकेत बार्बरा ब्रेडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची मोजपट्टी अधिक वापरात आहे. तिच्यात संवेदना, ओलावा, हालचाल, पोषण आदी सहा बाबींना मिळून एकूण 6 ते 23 गुण मिळतात. 18 किंवा कमी म्हणजे धोका. 1987 च्या अमेरिकी कायद्याने शुश्रूषागृहांना प्रत्येक रहिवाशाचे ठरावीक काळाने मूल्यमापन बंधनकारक केले. जखम दाखल होतानाच होती की तिथे आल्यावर झाली, हेही त्यात नोंदवावे लागते. जबाबदारी ठरते ती इथेच.

मोजमाप दर आठवड्याला, शक्यतो त्याच स्थितीत झोपवून. लांबी डोक्याकडून पायांकडे, रुंदी तिला काटकोनात, खोली निर्जंतुक कापूसकाडीने. कडेखाली पोकळी असेल तर ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगतात. रुग्णाच्या डोक्याची दिशा म्हणजे 12. तळाशी लाल दाणेदार मांस आहे, पिवळट मृत ऊती आहेत की काळी खपली, तेही लिहितात. टाचेवरची कोरडी, घट्ट बसलेली खपली सहसा काढत नाहीत. भरत आलेल्या चौथ्या अवस्थेच्या जखमेला ‘तिसरी’ म्हणू नये, कारण गेलेला स्नायू परत येत नाही. ती जागा व्रणाच्या ऊतीने भरते.

कूस दर दोन तासांनी बदलण्याचा प्रघात आहे, पण अंतर रुग्णाची त्वचा पाहून ठरवावे. कुशीवर सुमारे 30 अंश कलते ठेवल्यास खुब्यावर थेट भार येत नाही. महाराष्ट्रात घरी अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हवेची गादी आणली की काम झाले असे अनेकांना वाटते. तिच्यावरही कूस बदलावीच लागते. योग्य उपचार चालू असूनही दोन आठवड्यांत सुधारणेची चिन्हे दिसली नाहीत, तर जंतुसंसर्ग, आहारातील प्रथिने आणि दाब खरोखर कमी होतो आहे का, हे तिन्ही नव्याने तपासतात.