दीर्घकालीन फुप्फुसविकारात शामक औषधांची सुरक्षितता

दीर्घकालीन फुप्फुसविकार असलेल्या रुग्णांना तपासणी, छोटी शस्त्रक्रिया, निद्रानाश किंवा अस्वस्थता यांसाठी शामक (गुंगी आणणारी) औषधे दिली असता श्वसन धोकादायक पातळीपर्यंत मंदावू शकते. दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकार (सीओपीडी), फुप्फुसांचे तंतुकाठिण्य, सिलिकोसिस, श्वासनलिका कायमच्या रुंदावणे आणि क्षयरोगानंतर उरलेली फुप्फुसहानी हे यातील प्रमुख विकार होत. त्यांपैकी सीओपीडीचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये या एका विकाराने सुमारे ३५ लाख व्यक्तींचा मृत्यू झाला.

गुंगीच्या पायऱ्या

अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये मान्य केलेल्या वर्गीकरणानुसार गुंगीच्या सौम्य, मध्यम व खोल अशा तीन पायऱ्या असून त्यापुढे पूर्ण भूल येते. मध्यम गुंगीत रुग्ण हाकेला प्रतिसाद देतो व त्याचे श्वसन पुरेसे राहते, तर खोल गुंगीत श्वासमार्ग मोकळा ठेवण्यासाठी मदत लागू शकते. या पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. निरोगी व्यक्तीत मध्यम गुंगी आणणारी मात्रा फुप्फुसविकारग्रस्त वृद्धाला खोल गुंगीत नेऊ शकते. म्हणून अपेक्षेपेक्षा एक पायरी खोल गेलेल्या रुग्णाला सावरू शकणाऱ्या व्यक्तीनेच गुंगी द्यावी, असा संकेत आहे.

धोक्याची कारणे

मिडाझोलाम, डायझेपाम यांसारखी बेंझोडायझेपिन औषधे आणि मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी अफूवर्गीय औषधे मेंदूतील श्वसनकेंद्राची कार्बन डायऑक्साइडबद्दलची संवेदनशीलता कमी करतात. घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग अरुंद होतो आणि खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया दबते. निरोगी फुप्फुसांकडे राखीव क्षमता असल्याने हे बदल बहुधा निभावून जातात. सीओपीडीच्या रुग्णात मात्र ही राखीव क्षमता आधीच खर्ची पडलेली असते. हवा अडकून छाती फुगलेली राहते, श्वासपटल सपाट होऊन दुबळे पडते आणि कफ बाहेर टाकण्यासाठी खोकल्याची नितांत गरज असते. तपासणीसाठी उताणे झोपवल्याने त्यात भर पडते. सीओपीडीसोबत झोपेतील श्वासरोध असल्यास धोका आणखी वाढतो. या जोडविकाराकडे ब्रिटिश वैद्य डेव्हिड फ्लेन्ली यांनी १९८५ मध्ये लक्ष वेधले.

दोन प्रकारची औषधे एकत्र दिल्यास परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा अधिक होतो. मिडाझोलामला १९८५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाल्यानंतर सुरुवातीच्या काळात श्वसन थांबून मृत्यू झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. त्यांतील अनेकांना सोबत अफूवर्गीय औषधही दिलेले होते. पुढे औषधाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा समाविष्ट झाला. ६० वर्षांवरील अथवा दीर्घ आजारी रुग्णाला पहिली मात्रा किमान २ मिनिटे घेऊन द्यावी, ती १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि परिणाम पाहण्यासाठी आणखी किमान २ मिनिटे थांबावे, असे त्यात नमूद आहे. सीओपीडीचे रुग्ण या औषधाला विशेष संवेदनशील असल्याचा वेगळा उल्लेखही तेथे आढळतो. इंग्लंड व वेल्समधील राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये तीव्र द्रावणाऐवजी १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असे सौम्य द्रावण वापरण्याची सूचना केली. चुकीची मात्रा जाण्यामागे औषधाइतकीच त्याची कुपीही कारणीभूत ठरत होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या दोन्ही वर्गांच्या एकत्रित वापराविरुद्ध सर्वोच्च श्रेणीचा इशारा जारी केला.

ऑक्सिजन देण्यातील पेच

गुंगीत ऑक्सिजन देणे हा सर्वसाधारण रिवाज आहे. परंतु सीओपीडीच्या काही रुग्णांत अमर्याद ऑक्सिजनमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो. हे रुग्ण केवळ ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे श्वास घेतात व ती भरून काढल्यास श्वास थांबतो, हे जुने स्पष्टीकरण आजही वारंवार सांगितले जाते. मात्र ते अपुरे आहे. हवा कमी पोहोचणाऱ्या वायुकोशांकडील रक्तवाहिन्या एरवी आकुंचन पावलेल्या असतात. ऑक्सिजन वाढताच त्या सैलावतात आणि रक्त निरुपयोगी भागांकडे वळते. शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी प्रमाणात धरून ठेवते. श्वसनाची प्रेरणा घटणे हे या दोहोंच्या जोडीचे तिसरे कारण आहे.

ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २००८ मधील व २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत, कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णांसाठी ऑक्सिजन संपृक्ततेचे लक्ष्य ८८ ते ९२ टक्के ठरवलेले आहे. टास्मानियात रुग्णवाहिकेतील ४०५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोजून ऑक्सिजन दिलेल्या गटात मृत्यू लक्षणीय कमी आढळले. ती चाचणी गुंगीच्या संदर्भात नव्हती, तरी तिचा निष्कर्ष येथे अधिकच लागू पडतो. अर्थात ऑक्सिजन मुळीच न देणे हा यावरील उपाय नव्हे. ऑक्सिजनच्या अभावाने मृत्यू फार लवकर ओढवतो.

देखरेख

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर हे देखरेखीचे प्राथमिक साधन आहे. त्यामागील तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी मांडले. तथापि हे उपकरण ऑक्सिजन दाखवते, श्वसन नव्हे. नळीने ऑक्सिजन सुरू असताना रुग्णाचा श्वास जवळजवळ थांबला तरी काही काळ पडद्यावरील आकडा समाधानकारक राहतो. तो घसरू लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारी कॅप्नोग्राफी हा बदल आधी दाखवते. मध्यम व खोल गुंगीत तिचा वापर अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या मानकांत जुलै २०११ पासून समाविष्ट आहे. सीओपीडीत तिचा आलेख शार्कच्या पाठपरासारखा तिरपा दिसतो आणि आकडा धमनीतील खऱ्या पातळीपेक्षा कमी भरतो. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा त्यातील चढउतार महत्त्वाचा मानला जातो. यंत्राखेरीज छातीची हालचाल पाहण्यासाठी दुसरे काही काम न सोपवलेली एक प्रशिक्षित व्यक्ती आवश्यक असते.

पूर्वतपासणी

धूम्रपान करता का, या एकाच प्रश्नावर विसंबल्यास भारतात मोठा रुग्णवर्ग निसटतो. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेल्या आणि कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियांत सीओपीडी आढळतो. दगडखाणीतील कामगारांत सिलिकोसिस, तर पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्यांत कायमची हानी असू शकते. यांपैकी अनेकांचे निदान झालेलेच नसते. श्वास सोडण्याच्या चाचणीत (स्पायरोमेट्री) पहिल्या सेकंदातील हवा आणि एकूण हवा यांचे गुणोत्तर श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधानंतरही ०.७० पेक्षा कमी असल्यास अवरोध सिद्ध होतो. मात्र जिना चढताना किती वेळा थांबावे लागते, घरी ऑक्सिजन किंवा रात्री झोपेची गोळी लागते का, ही विचारपूसही तितकीच उपयोगी ठरते.

विकार उफाळलेला असताना तातडीची नसलेली तपासणी पुढे ढकलतात. फवाऱ्याची (इनहेलर) औषधे त्या दिवशीही नेहमीप्रमाणे घ्यावयाची असतात. उपाशीपोटी राहण्याच्या सूचनेचा अर्थ ती बंद करणे असा होत नाही.

पर्याय व उतारे

गुंगी टाळता येते का, हा प्रश्न प्रथम येतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थेंबांनी बधिरता आणून होऊ शकते आणि नाकावाटे जाणाऱ्या बारीक दुर्बिणीने जठराची तपासणी गुंगीविना करता येते. स्थानिक बधिरता दरवेळी निर्धोक असतेच असे नाही. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी मानेत दिले जाणारे इंजेक्शन बहुतेक वेळा त्या बाजूचे श्वासपटल तात्पुरते लुळे पाडते.

डेक्समेडेटोमिडिनमुळे श्वसन तुलनेने कमी दबते, परंतु नाडी व रक्तदाब उतरतात. केटामिन श्वासनलिका रुंदावते, मात्र स्राव वाढवते. प्रोपोफॉल लवकर उतरते, पण त्यावर उतारा नाही. बेंझोडायझेपिनवर फ्लुमाझेनिल आणि अफूवर्गीय औषधांवर नॅलॉक्सोन हे उतारे आहेत. दोहोंचा परिणाम मूळ औषधाआधी ओसरू शकतो आणि जागा झालेला रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. त्यामुळे उतारा दिलेल्या रुग्णाला अधिक काळ निरीक्षणाखाली ठेवतात.

तपासणीकक्षाबाहेरील वापर

धाप लागलेला रुग्ण रात्री बेचैन होतो, बडबडतो, ऑक्सिजनचा मुखवटा काढून टाकतो. अशा वेळी शांत करण्यासाठी दिलेले इंजेक्शन घातक ठरू शकते, कारण ही बेचैनी अनेकदा ऑक्सिजनच्या कमतरतेचे किंवा कार्बन डायऑक्साइड साठल्याचे लक्षण असते. सकाळची डोकेदुखी, दिवसा ग्लानी आणि हात पुढे धरले असता फडफडणारी बोटे ही त्याची इतर चिन्हे होत. धमनीतील रक्तवायूंची तपासणी व गरजेनुसार मुखवट्याद्वारे कृत्रिम श्वसन हे येथील उपचार आहेत.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात विचार वेगळा असतो. अतितीव्र सीओपीडी असलेल्या स्वीडनमधील २,२४९ रुग्णांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाला ३० मिलिग्रॅमपर्यंत तोंडी मॉर्फिनइतक्या मात्रेचा मृत्युदराशी संबंध आढळला नाही. त्याहून अधिक मात्रेचा मात्र आढळला. असह्य धाप असलेल्या रुग्णाला केवळ भीतीपोटी हे औषध नाकारले जाऊ नये, असे उपशामक सेवेतील अनेक तज्ज्ञ मानतात. मात्र धापेवरील त्याच्या उपयुक्ततेविषयी नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.