प्रस्तावना : ‘लॉरा’च्या दारातून

फिल्म न्वारच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्याच्या हाती बहुधा आधी एक यादी पडते. रात्रीचे शहर, पावसाने ओले झालेले रस्ते, खिडकीच्या झडपांमधून भिंतीवर पडलेल्या उजेडाच्या पट्ट्या, थकलेला गुप्तहेर, पुरुषाचा घात करणारी देखणी स्त्री. यादी चुकीची नाही. पण ती घेऊन ऑटो प्रेमिंजरचा १९४४ मधला ‘लॉरा’ पाहायला बसावे, तर एकेक खूण गळू लागते. इथे अंधाऱ्या गल्ल्यांऐवजी न्यूयॉर्कच्या श्रीमंतांची उजळलेली दालने आहेत. लॉरा हंट जाहिरातीच्या व्यवसायात नाव कमावलेली तरुणी आहे आणि ती कुणाच्या जिवावर उठलेली नाही. तरीही जे मोजके चित्रपट पाहून फिल्म न्वार हे नाव रूढ झाले, त्यांत ‘लॉरा’ आहे. म्हणूनच या विषयात इथून शिरावे असे मला वाटते.

नावाचा इतिहास थोडक्यात असा. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये नवे अमेरिकन चित्रपट पोहोचत नव्हते. युद्धानंतर, १९४६ मध्ये, ‘द माल्टीज फाल्कन’, ‘डबल इन्डेम्निटी’, ‘मर्डर, माय स्वीट’ आणि ‘लॉरा’ पॅरिसमध्ये पाठोपाठ लागले. त्यांच्यातले साम्य नीनो फ्रँक या समीक्षकाने हेरले आणि त्यांना हे नाव लावले. बोर्द आणि शोमतों या फ्रेंच समीक्षकांचा या विषयावरचा ग्रंथ १९५५ मध्ये आला. चित्रपट करणाऱ्यांना काम करताना या नावाचा पत्ताही नव्हता. या क्षेत्रातली प्रत्येक व्याख्या पाहणाऱ्यांनी मागाहून केलेली आहे, हे अभ्यासकाने विसरू नये.

‘लॉरा’ सुरू होतो तेव्हा खून होऊन गेलेला असतो. लॉराच्या घराच्या दारातच छऱ्यांच्या बंदुकीने तरुणीचा चेहरा उद्ध्वस्त झाला आहे; ती लॉराच, असे सारे धरून चालतात. मार्क मॅकफर्सन हा पोलीस तपासाच्या निमित्ताने लॉराची पत्रे वाचतो, तिची कपाटे उघडतो, भिंतीवरच्या तिच्या चित्रासमोर दारू पीत बसतो आणि खुर्चीतच झोपी जातो. तेवढ्यात दार उघडते आणि लॉरा जिवंत आत येते. प्रेत दुसऱ्याच कुणाचे होते. खुनी कोण, हे अजून शोधायचेच असते, पण आता त्याहून अवघड काहीतरी समोर उभे राहते. वॉल्डो लायडेकर हा स्तंभलेखक स्वतः घडवलेल्या लॉरावर प्रेम करत होता, मॅकफर्सन चित्रातल्या लॉरावर. खरी लॉरा दोघांच्याही कल्पनेत मावत नाही. ते चित्रसुद्धा म्हणजे लॉराची भूमिका करणाऱ्या जीन टिअर्नीच्या मोठ्या केलेल्या छायाचित्रावर फिरवलेला रंग होता.

मॅकफर्सन झोपतो तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ जाऊन मागे येतो, त्यावरून पुढचा सारा भाग त्याचे स्वप्न मानण्याकडे काहींचा कल आहे. मला ते पटत नाही. कुणाशी बोलू नकोस असे त्याने बजावल्यावरही लगेच फोन उचलणारी बाई त्याने स्वप्नात पाहिली नसती. एक प्रसंग मात्र मी प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवतो. पोलीस ठाण्यात मॅकफर्सन लॉराच्या तोंडावर प्रखर दिवे रोखतो, तिला ते सहन होत नाहीत आणि तो ते मालवतो. त्याचा संशय आणि त्याची ओढ एकही शब्द न वापरता, केवळ उजेडाने सांगितली जाते. छायाचित्रणासाठी जोसेफ लाशेल यांना ऑस्कर मिळाले.

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. हॉलिवूडच्या या छायाप्रकाशात प्रेमिंजर, वाइल्डर, सिओडमॅक अशा मध्य युरोपातून आलेल्या दिग्दर्शकांचा मोठा वाटा होता. आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ (१९४९) चित्रित केला तो जोसेफ वीर्शिंग या जर्मन छायालेखकानेच. तिथेही एक चित्र भिंतीवरून माणसाला झपाटते. गुरुदत्तांचा ‘बाजी’ (१९५१) आणि राज खोसलांचा ‘सी.आय.डी.’ (१९५६) हे पुढचे टप्पे.

वाचकाला एकच विनंती. ग्रंथ उघडण्याआधी ‘लॉरा’ दोनदा पाहा. पहिल्या वेळी खुनी शोधा. दुसऱ्या वेळी प्रत्येक प्रसंगात दिवा कुठे आहे आणि कोण कुणाकडे पाहत आहे, याची नोंद करा. मग बोर्द-शोमतों वाचा, ई. ॲन कॅप्लन यांनी १९७८ मध्ये संपादित केलेला फिल्म न्वारमधल्या स्त्रियांवरचा लेखसंग्रह वाचा. त्यांचे म्हणणे तुमच्या नोंदींशी जुळले नाही, तर नोंदी खोडू नका. चित्रपट पुन्हा लावा.