केशरी जाकिटाची कुळकथा

कामाचे कपडे मळखाऊ असावेत, हा कष्टकऱ्यांचा जुना दंडक. खाकी शर्ट काय किंवा निळी डांगरी काय, तेल, काजळी, माती, काहीही पडलं तरी उठून दिसू नये, एवढंच त्यांच्याकडून अपेक्षित. 1964 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात हा दंडक उलटा झाला. ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटिश विभागाने रुळांवर काम करणाऱ्या आपल्या माणसांना झगझगीत केशरी जाकिटं दिली. तेल लागलं की लगेच दिसेल, मैलभरावरूनही नजरेत भरेल, असा हा रंग होता.

कारण अगदी उघड होतं. वाफेचं इंजिन दुरून ऐकू येई आणि त्याचा धूरही दिसे. विजेची गाडी मात्र फारसा आवाज न करता अंगावर येते. वाकून स्लीपर ठोकणाऱ्याला गाडी कळली नाही, तर निदान मोटरमनला तरी तो माणूस दिसावा. पोलकशील्ड्स ते एग्लिंटन स्ट्रीट या नव्याने विद्युतीकरण झालेल्या टप्प्यावर ही जाकिटं आधी वापरून पाहिली, आणि ती कितपत दिसतात हे मोटरमनांनाच विचारलं. त्या जाकिटांना नाव मिळालं ‘काजवे’.

हा रंग आला कुठून? त्याचं मूळ अमेरिकेत आहे, आणि तेही एका मजुराच्या अपघातात. 1933 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात रॉबर्ट स्वित्झर नावाचा विद्यार्थी रेल्वेच्या वाघिणीतून टोमॅटोच्या पेट्या उतरवत होता. तिथे डोक्याला जबर मार बसला, दृष्टीवर परिणाम झाला आणि डॉक्टर होण्याचं त्याचं स्वप्न संपलं. बरं होईपर्यंत अंधाऱ्या खोलीत राहा, असं त्याला सांगण्यात आलं. त्याचा भाऊ जोसेफ रसायनशास्त्र शिकत होता आणि हौसेने जादूचे प्रयोगही करायचा. दोघे अतिनील दिवा घेऊन वडिलांच्या औषधाच्या दुकानात रात्री शिरले आणि कोणकोणत्या बाटल्या अंधारात चमकतात ते पाहू लागले. जे चमकलं ते लाखेच्या रोगणात मिसळून त्यांनी रंग बनवले. सुरुवातीला ते जादूच्या खेळांना आणि जाहिरातींच्या फलकांना उपयोगी पडले. पुढे क्लीव्हलंडमध्ये त्यांनी दिवसाउजेडीही झळकणारे रंग शोधले. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेतल्या तुकड्या या रंगाचे कापडी पट्टे जमिनीवर अंथरत. वरून जाणाऱ्या आपल्याच विमानांनी आपल्यावर बाँब टाकू नयेत, म्हणून.

साधा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला आपल्या छटेचा तेवढा भाग परत पाठवतो. हा रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही शोषून घेतो आणि ते दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतो. म्हणून पहाटे, तिन्हीसांजेला किंवा आभाळ भरून आलेलं असताना इतर रंग विझल्यासारखे वाटतात, पण हा पेटलेलाच राहतो. आपल्या पावसाळ्यात घाटात हिरव्या झाडीपुढे केशरी जाकीट घातलेला माणूस केवढा ठळक दिसतो, ते आठवून पाहा. रात्री मात्र या रंगाची जादू चालत नाही, कारण ऊनच नसतं. तिथे कामाला येते ती चंदेरी पट्टी. तिच्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात आणि ते हेडलाइटचा झोत जिथून आला तिथेच परत पाठवतात. आपल्याकडे तिला सर्रास ‘रेडियम’ म्हणतात, पण रेडियमचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही.

युरोपात 1994 मध्ये या कपड्यांचं मानक ठरलं: रंग किती झळझळीत हवा, पट्टी किती रुंद हवी, धुतल्यावरही कापड कितपत टिकायला हवं. फ्रान्समध्ये 2008 पासून प्रत्येक मोटारीत असं जाकीट ठेवणं सक्तीचं झालं, आणि दहा वर्षांनी तेच पिवळं जाकीट घालून लोक इंधन दरवाढीविरुद्ध रस्त्यावर उतरले. आपलं म्हणणं कोणी ऐकत नाही असं वाटणाऱ्यांनी सर्वांत जास्त दिसणारा कपडा निवडला.

आता आपल्या बांधकामांकडे पाहू. मुख्य कंपनीच्या माणसांच्या अंगावर चांगलं जाकीट असतं, पाठीवर कंपनीचं नाव असतं. सेंट्रिंगवाले, फिटर, प्लंबर हे पोटठेकेदाराचे. त्यांच्याकडे असलंच तर पातळ जाळीचं, पट्टीला तडे गेलेलं, सिमेंटने राखाडी झालेलं. नाक्यावरून रोजंदारीवर आणलेल्या बिगाऱ्याकडे तेही नसतं. बाया साडीवर पुरुषी शर्ट चढवतात, त्यावर जाकीट घालतात आणि डोक्यावरून घेतलेला पदर नेमका पट्टीवर येतो. त्यांच्या मापाचं, त्यांच्या पोशाखाला जुळणारं जाकीट शिवायला हवं, असं अजून फारशा कोणाला सुचलेलं नाही.

‘साइटवर सगळ्यांना गणवेश हवा का?’ या वादात शिस्त, कंपनीची प्रतिमा, चोरी असे मुद्दे निघतात. माझ्या मते एकाच कपड्याची सक्ती न्याय्य आहे, आणि तो म्हणजे हे जाकीट. सुतार, गवंडी, वायरमन आपापल्या सोयीचे कपडे घालोत. पण क्रेन आणि डंपर जिथे मागे-पुढे होतात तिथे प्रत्येक जण दिसलाच पाहिजे. डंपर मागे घेणारा ड्रायव्हर मागचा माणूस कोणत्या ठेकेदाराचा, हे पाहत नाही. खर्च कोणाचा, हा प्रश्नही अवघड नाही. ठेकेदाराने पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार पुरवले नाहीत तर ते मूळ मालकाने पुरवावेत, हे तत्त्व आपल्याकडे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच आलं होतं. जाकिटालाही तेच लागू करा. आणि मळलेलं जाकीट बदलून द्या. ते मळखाऊ नाही. धुळीने रंग झाकला की त्याचं कामच संपतं.

तुमच्या सोसायटीच्या दुरुस्तीचं किंवा घराच्या बांधकामाचं कंत्राट देणार असाल, तर करारात एवढं लिहून घ्या: साइटवरच्या प्रत्येक कामगाराला, पोटठेकेदाराच्या माणसांनाही, चांगल्या पट्टीचं जाकीट मिळेल आणि त्याचे पैसे मजुरीतून कापले जाणार नाहीत.