आवर घालणाऱ्या पेशी

परक्याची कातडी अंगी टिकत नाही, हा शस्त्रवैद्यांचा जुना अनुभव. १९५३ साली मेडावार, बिलिंगहॅम व ब्रेंट यांनी उंदराच्या गर्भांना परक्या वंशाच्या पेशी टोचल्या. पुढे त्या पाच उंदरांपैकी तिघांनी त्या वंशाची कातडी आपली म्हणून सांभाळली. ही सहिष्णुता आली कोठून? विरोध करणाऱ्या पेशी नाहीशा झाल्या, हे सोपे उत्तर. १९७०च्या सुमारास येलचे गेर्शन म्हणाले, विरोधकांना आवरणाऱ्या निराळ्या पेशीच असतात. पण त्यांच्या खुणेचे म्हणून सांगितलेले जनुक १९८३ मध्ये ठरल्या जागी सापडेना, आणि सारी कल्पनाच टाकाऊ ठरली. खुणेबरोबर वस्तूही फेकून दिली, हे शास्त्राला शोभले नाही!

जपानच्या साकागुचींनी मात्र पिच्छा सोडला नाही. १९९५ साली त्यांनी या पेशी नेमक्या ओळखून दाखविल्या. २००३ मध्ये त्यांचे सूत्रधार जनुक कळले : फॉक्सपी-३. पुढे दिसले की, अस्सल पेशींत या जनुकाच्या एका नियंत्रक भागावरील मिथिलची कुलुपे निघालेली असतात. अक्षरे तीच, वाचन निराळे. प्रयोगशाळेत घडविलेल्या पेशींत ती पुष्कळदा पुरती निघत नाहीत, आणि आवरणारी पेशी विरोधकांना सामील होऊ शकते. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविलेल्या रोग्याची जन्मभराची औषधे या पेशींच्या भरवशावर थांबवावयाची, तर अडचण येथेच आहे.