कसबी हातांचे क्रमिक पुस्तक

निष्णात कारागिराला त्याच्या कामातील खुबी विचारावी, तर तो बहुधा म्हणतो, "त्यात सांगायचे काय? बघा, म्हणजे कळेल." हे उत्तर गर्वाचे नसते. जे हातात मुरले ते जिभेवर येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच उमेदवाराने उस्तादापाशी वर्षे काढावीत, अशी रीत पडली. परंतु युद्ध अशी सवड देत नाही.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेला जहाजबांधणीसाठी हजारो नवे कामगार हवे होते. चार्ल्स अ‍ॅलन या शिक्षणतज्ज्ञाने त्या वेळी अनुभवी कामगारांनाच शिक्षक केले. शिकवावे कसे, एवढे मात्र त्यांना पद्धतशीर समजावून दिले. पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, उपयोजन आणि परीक्षा या चार पायऱ्या त्याने १९१९ साली ग्रंथरूपाने मांडल्या. हर्बार्टची पंचपदी अभ्यासलेल्या शिक्षकाला त्यांत ओळखीची खूण पटेल.

१९४० साली तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. दुर्बिणी व नेमबाजीची उपकरणे यांसाठी भिंगे घासणारे सुमारे ३५० कारागीर तातडीने हवे होते. आणि हे कसब अंगी येण्यास कित्येक वर्षे लागत. कारखान्यांतील प्रशिक्षणासाठी चॅनिंग डूली व वॉल्टर डिएट्झ यांच्या नेतृत्वाखाली नुकत्याच स्थापन झालेल्या सरकारी शाखेने त्या कामाची बारकाईने फोड केली. तेव्हा असे दिसून आले, की त्यातील खरोखर अवघड क्रिया थोड्याच आहेत; बाकीच्या नवख्यालाही लवकर शिकविता येतात.

यातूनच पुढे कामाच्या फोडीचा तक्ता सिद्ध झाला. एका रकान्यात कामाच्या मुख्य पायऱ्या. दुसऱ्यात त्यांतील मर्मे. मर्म म्हणजे ज्यावाचून काम बिघडेल, इजा होईल, किंवा ज्यामुळे काम सोपे होईल, अशी गोष्ट. उस्तादाच्या मुखातून सहसा न निघणारे नेमके हेच असते.

या वर्गांत विजेच्या दिव्याच्या तारेला मारावयाच्या एका गाठीचा प्रयोग करून दाखवीत. शिक्षक प्रथम ती गाठ केवळ तोंडाने सांगे. शिकणाऱ्याला ती जमत नसे. मग न बोलता नुसती करून दाखवी; तरीही जमत नसे. शेवटी सांगणे, दाखविणे, मर्म उलगडणे आणि त्याच्याकडून करवून घेणे या क्रमाने ती साधे. कामगाराला काम आले नाही, तर दोष शिकविण्यात शोधावा, हा धडा त्या वर्गातील मुकादमांना व्याख्यानावाचून मिळे.

१९४५ साली ही शाखा बंद झाली, तोपर्यंत १६,००० हून अधिक कारखान्यांतील साडेसतरा लाखांवर व्यक्तींनी तिचे अभ्यासक्रम पुरे केले होते. युद्धानंतर ही पद्धती जपानमध्ये गेली आणि तेथील उद्योगांत खोल रुजली.

या इतिहासाचे सार आजही उपयोगी आहे. केवळ लेखनिकाने रचलेल्या पुस्तिकेत मर्म सुटते. केवळ जाणत्याने सांगितलेल्या पाठात पायऱ्या गळतात. जाणत्याने काम करावे, दुसऱ्याने शेजारी उभे राहून "येथे हात का थांबला?" असे विचारावे, आणि झालेले लेखन नवख्याच्या हाती देऊन पारखावे. असे न केल्यास वृद्ध मिस्त्री निवृत्त होतो त्या दिवशी कारखान्यातील एक न लिहिलेला ग्रंथच त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जातो.